जुन्या स्पोर्ट्‌स कारला एसी: मूळचा, पट्ट्यावरचा की विजेवरचा?

जुन्या स्पोर्ट्‌स कारला एसी बसवायचं ठरलं की बहुतेकांची चौकशी कॉम्प्रेसरपासून सुरू होते. ती सुरू व्हायला हवी डायनॅमोपासून, म्हणजे इंजिनवर चालून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्रापासून. गाडी वीज किती तयार करते आणि तिचा रेडिएटर आणखी किती उष्णता पेलू शकतो, एवढं कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

आधी विजेचा हिशेब. आतल्या ब्लोअरला १० ते १५ अँपिअर लागतात, कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या पंख्याला साधारण तेवढेच, आणि कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या पुलीशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या चुंबकी क्लचला ४. म्हणजे एसीचे एकूण तीसेक अँपिअर झाले. १९६०च्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसणारा ल्युकासचा सी-४० डायनॅमो फार तर २२ ते २५ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. यात हेडलाइट आणि वायपर अजून धरलेलेच नाहीत. त्यामुळे डायनॅमोवाल्या गाडीत अल्टरनेटर, म्हणजे डायनॅमोच्या जागी बसणारं जास्त वीज देणारं यंत्र, हा खर्चाचा पहिला आकडा समजा. अशा बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. अल्टरनेटर बसवताना ते उलटवावं लागतं आणि मग इलेक्ट्रिक टॅकोमीटर, रेडिओ हेही एकेक करून तपासावे लागतात.

दुसरा हिशेब उष्णतेचा. कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या पुढे, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. त्यात कॉम्प्रेसर ओढण्याचा भार इंजिनवर पडतो तो वेगळा. एसी नसतानाच ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर सरकत असेल तर आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंख्याभोवतीचं आवरण बघा. हे सांगून कोणाला आवडत नाही, कारण या कामात दाखवण्यासारखं काहीच नसतं. पण जॅग्वारने ई-टाइपच्या १९६८ सालच्या दुसऱ्या मालिकेत नाकाचं तोंड मोठं केलं, दोन विजेचे पंखे दिले, आणि त्याच मालिकेत एसी कारखान्यातून मिळू लागला. कारखान्यालाही हवेची वाट आधी मोकळी करावी लागली होती.

हे दोन्ही जमलं की खरी निवड तीन वाटांची उरते: कारखान्याचा मूळचा एसी, इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा नवा संच, किंवा विजेच्या मोटरवरचा कॉम्प्रेसर.

मूळचा एसी

काही गाड्यांना एसी कारखान्यातूनच मिळत असे. शेव्हरोले कॉर्व्हेटला तो १९६३च्या मॉडेलपासून होता. तुमच्या गाडीला असा पर्याय होता आणि निदान ब्रॅकेट, डक्ट, डॅशबोर्डवरचे खटके जागेवर असतील, तर तीच व्यवस्था पुन्हा उभी करण्याचा मोह होणार. प्रदर्शनात उतरणाऱ्या गाडीसाठी तो बरोबरही आहे, कारण परीक्षक बॉनेट उघडून बघतात.

रोज किंवा दर रविवारी चालवायच्या गाडीसाठी मात्र मी ही वाट सुचवणार नाही. त्या काळचे कॉम्प्रेसर अवजड होते. जनरल मोटर्सचा सहा सिलिंडरचा ए-६ पंधरा किलोच्या घरात जातो. आजचा सँडन कंपनीचा छोटा कॉम्प्रेसर साधारण त्याच्या निम्मा भरतो. यॉर्कचा दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर दणकट खरा, पण त्याचे हादरे चार सिलिंडरच्या हलक्या इंजिनवर स्पष्ट जाणवतात. शिवाय हे सगळं बनलं होतं आर-१२ गॅससाठी. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९५ अखेर थांबलं आणि पुढे सगळीकडेच. त्या व्यवस्थेत त्याच्या जागी आलेला आर-१३४ए गॅस भरता येतो, पण तो नुसता गॅस बदलण्याचा प्रकार नाही. जुनं खनिज तेल या गॅसबरोबर फिरत नाही, म्हणून ते काढून एस्टर किंवा पीएजी तेल घालावं लागतं. जुन्या रबरी नळ्यांतून हा गॅस हळूहळू झिरपतो, म्हणून आतून अस्तर असलेल्या बॅरिअर नळ्या हव्यात. जोडांतल्या रबरी ओ-रिंग आणि गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर बदलायचेच. जुना कंडेन्सर आर-१३४एच्या जास्त दाबापुढे तोकडा पडतो, तिथे अनेक बारीक समांतर नळ्यांचा पॅरलल फ्लो कंडेन्सर लागतो. एवढं सगळं बदलल्यावर ‘मूळचं’ म्हणण्यासारखं ब्रॅकेट आणि खटके एवढंच उरतं.

पट्ट्यावरचा नवा संच

बहुतेकांचं उत्तर इथे आहे. छोटा कॉम्प्रेसर, पॅरलल फ्लो कंडेन्सर, केबिनमधली हवा थंड करणारी डॅशबोर्डखालची कूलिंग कॉइल, ड्रायर, कॉइलमध्ये जाणाऱ्या गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि दाबाचा स्विच, सगळं आजच्या मोजमापाचं. बिघडलं तर कुठलाही एसी मेकॅनिक हात घालू शकतो, आणि हा गुण कागदावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा आहे.

तोटा इंजिनच्या ताकदीत दिसतो. कॉम्प्रेसर भर उन्हात चार-पाच अश्वशक्ती सहज ओढतो. मोठ्या व्ही-८ला त्याचा पत्ताही लागत नाही. १.८ लिटरच्या एमजीबीकडे मुळात ९५च्या आसपास अश्वशक्ती, तिथे चढावर ओव्हरटेक करताना एसी बंद करावासा वाटतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात क्लच पकडला की आयडलिंग खाली बसतं आणि सिग्नलला गाडी बंद पडते. त्यावर उपाय म्हणजे आयडल वाढवणारा छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर सरकणारा दट्ट्या. तो संचात येतोच असं नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. बॉनेटखालची उष्णता वाढल्यामुळे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळण्याचाही धोका असतो, म्हणून उष्णता अडवणारी पत्र्याची ढाल आणि पेट्रोलच्या नळीची जागा याच वेळी बघून घ्यावी.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९४०च्या पॅकार्डमध्ये, म्हणजे कारखान्यातून एसी मिळालेल्या पहिल्या गाडीत, कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन थांबवून पट्टा काढून ठेवायचा! आज क्लच आहे, पण तो वापरायची शिस्त आपली आपणच लावायची असते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर कॉम्प्रेसरच्या दांड्यावरचं सील कोरडं पडतं आणि गॅस तिथून निघून जातो. थंडीतही अधूनमधून दहा मिनिटं एसी चालवला तर सीलला तेल मिळत राहतं.

खरी परीक्षा ब्रॅकेटची. पुली एका रेषेत नसतील तर पट्टा ओरडतो, तुटतो, किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. तुमच्याच इंजिनसाठी बनवलेलं ब्रॅकेट मिळत असेल तर संच कुठल्या कंपनीचा हे दुय्यम समजा. ‘सगळ्यांना बसतं’ अशा ब्रॅकेटपासून लांब राहा.

विजेवरचा कॉम्प्रेसर

ऐकायला ही वाट सगळ्यात सुंदर वाटते. पट्टा नाही, इंजिनला ब्रॅकेट नाही, कॉम्प्रेसर पुढे, मागे, डिकीत, हवा तिथे ठेवा. मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात असल्याने दांड्याचं सीलच नाही, म्हणून जास्त काळ उभ्या राहणाऱ्या गाडीत गॅस टिकतो. मूळ इंजिनला हात लागत नाही आणि उद्या सगळं काढून गाडी पूर्ववत करता येते.

पण वीज कुठून आणणार? दोन माणसांच्या छोट्या केबिनलाही कडक उन्हात कॉम्प्रेसरसाठी एक ते दीड किलोवॉट लागतात. १३.५ व्होल्टला दीड किलोवॉट म्हणजे ११० अँपिअर, आणि पंखे वेगळेच. त्यासाठी मोठा अल्टरनेटर, जाड तारा, चांगली बॅटरी असं सगळं लागतं. शिवाय अल्टरनेटर आयडलिंगला आपल्या क्षमतेपेक्षा बरीच कमी वीज देतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये उभं असताना, जेव्हा एसी सगळ्यात जास्त हवा, तेव्हाच वीज सगळ्यात कमी आणि तूट बॅटरी भरून काढते. इंजिनवरचा भारही वाचत नाही. तो अल्टरनेटरमार्गे येतो आणि वाटेत काही वाया जातो. ४८ व्होल्टच्या संचात कॉम्प्रेसरकडे जाणारा प्रवाह कमी होतो, पण १२ व्होल्टच्या बाजूने ओढायची वीज तेवढीच राहते.

मग ही वाट कोणासाठी? एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणारं इंजिन मागे असलेल्या पोर्शे ९११साठी, हे माझं ठाम मत. तिथे कॉम्प्रेसर मागे इंजिनवर, कूलिंग कॉइल पुढे, आणि नळ्या गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक मीटर नळी आणि प्रत्येक जोड म्हणजे गळतीची आणखी एक जागा. त्यात इंजिनच्या झाकणात बसवलेल्या कंडेन्सरला उभ्या गाडीत इंजिनचीच धग लागते, आणि इंजिन थंड करणारा पंखाही त्याच कंडेन्सरमधून तापलेली हवा ओढतो. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर दोन्ही पुढे नेले की हे सगळं एकदम सुटतं. इतकी वीज मागणाऱ्या व्यवस्थेचा खर्च इथे वसूल होतो.

कॉइल कुठे बसवायची

डॅशबोर्डखाली टांगलेला डबा कापाकापीशिवाय बसतो, काढताही येतो, पण पायांची जागा खातो आणि थंड हवा गुडघ्यांवर मारतो. डॅशबोर्डमागे लपवलेला संच हवा सगळीकडे पोचवतो. त्यासाठी बहुतेक वेळा मूळ हीटर काढावा लागतो आणि फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोकं पाडावी लागतात. गाडी दुर्मीळ असेल तर टांगलेलाच घ्या. आणि दोन्ही प्रकारांत हीटरचा कॉक तपासा. तो पूर्ण बंद होत नसेल तर गरम पाणी आत फिरतच राहतं आणि एसी त्याच्याशीच झगडत बसतो.

फायरवॉल आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यावर उष्णतारोधक थर, दारांची नवी रबरं, फरशीतली भोकं बुजवणं, हे काम एसीच्या आधी करा. त्यानंतर काहींना एसीची गरजच वाटत नाही. कापडी छताच्या गाडीत तर या कामाशिवाय एसी बसवणं व्यर्थच.

गॅसच्या बाबतीत फार खल नको. नव्या संचाला आर-१३४ए सोयीचा. आर-१२३४वायएफ वातावरणाला कितीतरी सौम्य आहे, पण किंचित ज्वलनशील आहे आणि त्याचे जोड, तेल वेगळं लागतं. संच त्यासाठीच बनलेला असेल तरच तो भरा. प्रोपेनसारखा ‘स्वस्तात थंड’ गॅस कोणी सुचवला तर नाही म्हणा. केबिनमधल्या कॉइलला गळती लागली तर तो गॅस थेट तुमच्याजवळ साचतो.

आता गाडीगणिक. एमजीबी किंवा तत्सम छोटं इंजिन: अल्टरनेटर, छोटा पट्ट्यावरचा कॉम्प्रेसर, टांगलेली कॉइल, आणि अपेक्षा बेताच्या. एमजीबी १९६७ अखेरच्या दुसऱ्या मालिकेतली असेल तर अल्टरनेटर मुळातच आहे, तरी त्याची क्षमता बघून घ्या. ई-टाइप पहिल्या मालिकेतली असेल तर आधी रेडिएटर आणि पंखे, मग पट्ट्यावरचा संच. कॉर्व्हेटसारख्या व्ही-८मध्ये लपवलेला पूर्ण संच बिनधास्त बसवा. कारखान्याचा एसी शाबूत असलेली आणि प्रदर्शनात जाणारी गाडी मूळच्या वाटेनेच न्या. ९११ असेल तर विजेवरचा.

काम झाल्यावर मेकॅनिक पंपाने वॅक्यूम मारेल, म्हणजे नळ्यांतली हवा काढून घेईल. पंप बंद करून गेजचे व्हॉल्व्ह बंद करायला सांगा आणि अर्धा तास काटा हलतो का ते स्वतः बघा. हलला तर गॅस भरू देऊ नका.