बंद लॅपटॉप आणि माझा साधा मल्टिमीटर

बाबांचा १९९६ चा लॅपटॉप कपाटातून काढला, बटण दाबलं, तर ना दिवा ना पंखा. तो सुरू करायचाच म्हणून हा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजणारा मीटर) घेतला.

आधी अडॅप्टर तपासला. मोकळा असताना १६ व्होल्ट, लॅपटॉपला जोडला की २ व्होल्टसुद्धा नाहीत. म्हणजे बोर्डावर शॉर्ट, वीज मधल्या मध्ये थेट ग्राउंडला (वीज परत जाते त्या बाजूला) जात होती. अडॅप्टर काढून मीटर बीपवर ठेवला (दोन ठिकाणं जोडलेली असली की तो वाजतो) आणि वीज आत येते तिथे व ग्राउंडवर त्याची टोकं ठेवली, तर बीप थांबेचना. संशय पिवळ्या टँटलम कपॅसिटरांवर (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांवर) गेला, कारण ते बिघडले की बहुधा शॉर्टच होतात. इथे मीटर कमी पडला. त्याच्या वायरींचाच रोध ०.४ ओहम भरतो, त्यामुळे नेमका दोषी कोणता हे आकड्यांवरून कळेना. एकेक कपॅसिटर उचकटून पाहावा लागला. चौथा निघाला आणि बीप थांबला! तिथे ३५ व्होल्टचा नवा लावला.

सीएमओएसची, म्हणजे घड्याळ आणि सेटिंग्ज जपणारी, जुनी बॅटरीही गळली होती. हिरवट थर आधी व्हिनेगरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. खाली कुरतडलेली केसाएवढी ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) याच मीटरने सापडली, त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी. बीप लगेच वाजतो, डायोड मोडही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग तपासायचा) भरवशाचा आहे.

सोबतची टोकं मात्र फार जाड आहेत. चिपच्या दोन पायांना एकदम टेकतात, आणि बोर्डात वीज असताना हे धोक्याचं आहे. सुईसारखी बारीक टोकं वेगळी घ्याच.

लॅपटॉप सुरू झाला. बाबांची टाइप केलेली पत्रं सगळी शाबूत आहेत.