हेडलाइट घासायचं किट आणि रिले वायरिंग: एक रविवार गेला, पण पैसे वसूल

आमची वॅगन आर 2012 ची, आणि रात्री तिला दिसेनासंच झालं होतं. सासुरवाडी खंडव्याला, म्हणजे वाटेतला भेरूघाट चुकत नाही, आणि मागच्या दिवाळीत इंदूरला परत येताना घाटात पुढचं वळणच कळेना तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, मोबाइलचा टॉर्च धरू का बाहेर?

मग सगळे करतात तेच मी पण केलं, एलईडी बल्ब मागवले. खोक्यावर 20,000 लुमेन (उजेडाचं माप) छापलेलं, आणि गाडीतल्या साध्या एच4 जातीच्या हॅलोजन बल्बचा लो बीम असतो 1,000 च्या आसपास, म्हणजे तेव्हाच हसायला हवं होतं. पार्किंगच्या भिंतीवर झकास पांढरा उजेड पडला, मी खूश. घाटात मात्र समोरचा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारून शिव्या घालत होता, आणि बरोबरच होतं त्याचं. एच4 मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, आणि मागचा रिफ्लेक्टर त्याच फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो, त्यामुळे एलईडीची चिप जराशी इकडेतिकडे असली तरी उजेड समोरच्याच्या डोळ्यात नाहीतर झाडांच्या शेंड्यावर. त्यात एलईडी बल्बच्या मागचा पंखा एवढा मोठा की रबरी कव्हर बसेना, पहिल्या पावसात आत वाफ धरली. आणि ओल्या डांबरावर तो पांढरा उजेड कुठे गडप होतो देव जाणे. काढून टाकले, आता कपाटात पडलेत.

तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. हेडलाइटची काच म्हणतो ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, आणि वरचा यूव्ही कोट उन्हाने गेला की ते पिवळं पडतं. आपल्याकडे गाडी आठ महिने उन्हात तापते, दुसरं काय होणार. टूथपेस्ट मी आधीच घासून झालो होतो, चार दिवस चकाकतं नि परत तेच.

किट 650 रुपयांना पडलं. त्यात मास्किंग टेप, 800 पासून 3000 पर्यंतचे पॉलिशपेपर, कंपाउंड, कापड आणि शेवटी लावायच्या यूव्ही कोटची एक पुडी. टेप दोन पदरी लावा, एक पदर लावून मी बंपरला ओरखडा पाडून घेतलाय. पेपर पाण्यात भिजवायचा आणि घासायचं, आधी पिवळट दुधासारखं पाणी निघतं, ते पांढरं होईपर्यंत 800 सोडायचा नाही, इथेच लोक कंटाळतात आणि मग किटला नावं ठेवतात. यानंतर काच इतकी धुरकट दिसते की आईने गॅलरीतून विचारलं, अरे होती ती पण घालवलीस का! 2000 नंतर जीवात जीव येतो. दोन्ही बाजू मिळून साडेतीन तास लागले, खांदे दोन दिवस दुखले.

तक्रार एकच पण मोठी, कोटची पुडी. दोन दिव्यांना जेमतेम पुरते, डावीकडे शेवटी कोरडीच फिरवत होतो. आणि कोट नीट बसला नाही तर उघडं प्लास्टिक पहिल्यापेक्षा लवकर पिवळं पडतं, त्यामुळे कंपनीने इथेच कंजुषी का करावी कळत नाही.

रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच; त्याच्या वायरिंगचे 800 दिले आणि खरी मजा त्यात आली. आधी मोजून बघितलं, इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर फक्त 12.1. (बल्ब लावलेला ठेवून मागून मीटरच्या सुया घालून मोजा, बल्ब काढून मोजलंत तर सगळं ठीकच दिसतं.) व्होल्टेज 10 टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड 30 टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे एक तृतीयांश उजेड तर जुन्या वायरीच खात होत्या. रिले लावला की बल्बचा करंट बॅटरीतून सरळ येतो, स्टिअरिंगजवळच्या स्विचला फक्त रिलेला इशारा द्यायचा असतो. आता होल्डरवर 13.4 मिळतात, बल्ब तोच साधा 60/55 वॉटचा (हाय बीमला 60, लो बीमला 55). 100/90 वाले घ्या असं दुकानदार सांगतात, पण प्लास्टिकचा होल्डर वितळतो, आमचा जुना तर 55 वरच तपकिरी झाला होता.

वायरिंगच्या सेटमध्ये अर्थिंगचा छल्ला ढिला दाबलेला होता, मी डाग देऊन पक्का केला. सोल्डरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि बॉडीचा रंग खरवडून मगच अर्थिंगची वायर कसून बसवा. बल्बच्या काचेला बोट लावू नका, त्वचेचं तेल लागलं तर लवकर उडतो.

शेवटी भिंतीसमोर 25 फुटांवर गाडी उभी करून, दिव्यांचा रोख वर-खाली करायचं आतलं बटण शून्यावर ठेवून, लो बीमची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा दोन इंच खाली आणली.

गेल्या शनिवारी खंडव्याहून रात्रीच निघालो, मुद्दाम. घाटात पांढरी पट्टी वळणाच्या टोकापर्यंत दिसत होती आणि बलवाड्यापासून सिमरोलपर्यंत एकानेही डिपर मारला नाही. बायको झोपली होती, तिला काही बघायला मिळालं नाही.