लिनक्स, गेम आणि तुटणारे नेट : तालुक्याच्या एका दुकानाची सेवा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकाच्या मागे, कॉम्प्युटर दुरुस्तीचे एक छोटे दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पीकविम्याचे अर्ज एवढेच लिहिले आहे. मालकांना प्रसिद्धी नको असल्यामुळे नाव देत नाही. पण बाजाराच्या दिवशी ‘लिनक्सवाले भाऊ’ कुठे बसतात असे विचारले, तर कोणीही वाट दाखवील.

माझ्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली आहे आणि मी मुख्यतः डोटा २ हा ऑनलाइन गेम खेळतो. हा गेम २०१३ पासून लिनक्सवर थेट चालतो, त्यामुळे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनवर संशय घेण्यासारखे काही नव्हते. तरीही ऐन सामन्यात चित्र जागीच थांबायचे आणि संपर्क तुटायचा. पाच जणांच्या संघातला एक असा मध्येच गळाला की उरलेल्या चौघांचा खेळ नासतो, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटत असे. फायबर जोडणी देणाऱ्या कंपनीकडे मी तीनदा तक्रार केली आणि तिन्ही वेळा ‘लाइन बरोबर आहे’ एवढेच उत्तर आले. अखेर कॅबिनेट वाकळीत गुंडाळून मोटरसायकलवर बांधले आणि दुकान गाठले.

भाऊंनी आधी काहीच विकायला काढले नाही, ही या दुकानाची सर्वांत मोठी गोष्ट. “आधी घरातल्या राउटरले पिंग मारून पाहा, मंग कंपनीले बोल लावा,” असे म्हणून त्यांनी तपासाचा क्रम समजावून सांगितला. पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणे. राउटरपर्यंतचा पिंगच वरखाली होत असेल तर दोष घरातला. राउटर ठीक असून बाहेरच्या पत्त्यावर पिंग अडखळत असेल तर दोष लाइनचा. आणि आकड्यांचा पत्ता उत्तर देतो पण संकेतस्थळाचे नाव सापडत नाही, अशी स्थिती असेल तर डीएनएसकडे, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेकडे, पाहायचे. माझा संगणक त्यांच्या केबलवर अर्धा तास चालला आणि पिंग एकदाही हलला नाही. मग केबल काढून वायफाय जोडले. राउटर तीन फुटांवर असूनही दर काही सेकंदांनी पिंग ४ मिलिसेकंदांवरून १८० पर्यंत उडी मारू लागला. वायफाय कार्डाची वीजबचत चालू होती. कार्ड मध्येमध्ये डुलकी घेत होते. लिनक्सवर जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत या सेटिंगचा आकडा ३ असला तर वीजबचत चालू राहते आणि २ केला की बंद होते. त्यांनी तो बदलला, सेवा पुन्हा सुरू केली आणि मला स्वतः शंभर पिंग मोजायला लावले. उड्या थांबल्या होत्या.

मात्र आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन फूट जाडीच्या, मातीच्या आहेत. राउटर ओसरीत आणि संगणक मागच्या खोलीत असल्याने वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे पोचतच नाही आणि २.४ चा पोचतो तोही क्षीण. केबल पूर्वीच ओढलेली होती, पण ती सारखी तुटते म्हणून मी वायफायवर आलो होतो. भाऊ रविवारी घरी आले, केबल लावली आणि कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (घडामोडींची नोंद) उघडून बसले. त्यात जोडणी बंद, जोडणी चालू अशा ओळींची रांग होती. तेवढ्यात वाऱ्याने मागचे दार आपटले आणि आमच्या डोळ्यांसमोर तशीच एक नवी ओळ उमटली. केबल दाराच्या चौकटीला खेटून गेली होती आणि हादऱ्याने कनेक्टर ढिला होत होता.

कनेक्टर कापल्यावर दिसले की आठपैकी चारच तारा आत बसवलेल्या आहेत. एक गिगाबिटसाठी चारही जोड्या लागतात. दोन जोड्यांवर १०० मेगाबिटच मिळतात. माझी जोडणी ५० मेगाबिटची असल्याने तेवढेही पुरले असते, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. नवी केबल मात्र विकली नाही. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा क्रम लावून, तारांची टोके एका रेषेत कापून, त्यांनी दोन्ही बाजूंना नवे कनेक्टर दाबले आणि केबल चौकटीपासून वीतभर दूर खिळवली.

भारनियमनासाठी त्यांच्याकडून एक मिनी यूपीएस घेतला. आमच्याकडे फायबरचा मोडेम आणि राउटर वेगवेगळे आहेत. फक्त राउटरला बॅकअप देऊन उपयोग नाही, हे त्यांनी आठवणीने सांगितले.

दोन बाबतींत मात्र माझे समाधान झाले नाही. पिंग कमी होईल म्हणून त्यांनी डीएनएस बदलून दिला. डीएनएस नाव शोधण्यापुरता असतो. एकदा सर्व्हरशी जोडणी झाली की सामन्यातल्या पिंगवर त्याचा परिणाम होत नाही, हे दुकानातल्या माणसाला ठाऊक हवे. दुसरे, पुतण्या व्हिडिओ अपलोड करू लागला की पिंग ३५ वरून ४०० च्या घरात जातो, त्यावर त्यांच्याकडे तयार उत्तर नव्हते. राउटरमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीची रांग आखणारी सोय लागते. लिनक्स कर्नलमध्ये २०१८ पासून असलेली केक ही पद्धत नेमकी याचसाठी आहे. ती चालवू शकणारा जुना राउटर शोधून देतो, असे त्यांनी कबूल केले आहे. पेरणीच्या दिवसांत दुकान पंधरा-पंधरा दिवस बंद असते, हेही लक्षात ठेवावे.

तिथे भेटलेल्या एका तरुणाची तक्रार होती की व्हॅलोरंट लिनक्सवर जोडलाच जात नाही. भाऊंनी पैसे न घेता त्याला परत पाठवले, कारण त्या गेमची फसवणूकविरोधी प्रणाली फक्त विंडोजवर चालते आणि नेटवर्क कितीही तपासले तरी तिथे काही सापडणार नाही.

तपासणी, घरी येणे आणि दोन कनेक्टर यांचे त्यांनी मिळून ३५० रुपये घेतले. त्याला तीन आठवडे झाले. परवाच्या वादळात मागचे दार रात्रभर आपटत होते. सकाळी लॉग उघडून पाहिला, तर जोडणी तुटल्याची एकही ओळ नव्हती.