हरसूल रस्त्यावरची आकाशदर्शन सहल : १३ डिसेंबर २०२३ची रात्र

नाशिकहून निघणाऱ्या एका रात्रीच्या आकाशदर्शन सहलीला मी वडिलांसह गेलो होतो, तिच्याविषयी हे सविस्तर लिहीत आहे. सहल मिथुन राशीतील उल्कावर्षावासाठी होती. माणशी १,६०० रुपये शुल्कात त्र्यंबक नाक्यापासूनचा प्रवास, रात्रीचे जेवण, दुर्बीण आणि एका मार्गदर्शकाची साथ समाविष्ट होती. पुढे काही तक्रारीही मांडल्या आहेत, म्हणून आयोजकांचे नाव देत नाही.

जागेची निवड उत्तम होती. त्र्यंबकेश्वर मागे टाकून हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका उघड्या माळावर मुक्काम होता. तेथून नाशिकच्या दिव्यांचा उजेड फक्त पूर्वेच्या क्षितिजावर पिवळट पट्ट्यासारखा उरतो आणि दक्षिणेची बाजू अगदी खालपर्यंत मोकळी मिळते. अमावस्या नुकतीच सरली होती, त्यामुळे चंद्राचा अडथळा नव्हता. शहरात सातपूर-अंबडच्या बाजूला राहणाऱ्यांना कृत्तिकांचा पुंजकाही धड दिसत नाही, तो येथे डोळ्यांत भरत होता.

जेवण साधे आणि चांगले होते. नागलीची भाकरी, पिठले आणि ठेचा जवळच्याच पाड्यावरील बायकांनी गरम गरम करून वाढला. दुर्बिणीबाबत मात्र निराशा झाली. आठ इंची दुर्बीण एकच आणि माणसे बत्तीस, त्यामुळे अकराच्या सुमारास मावळणारा शनी कित्येकांच्या वाट्याला आलाच नाही. गुरूचे चार चंद्र सर्वांना दिसले, परंतु प्रत्येकाला जेमतेम अर्धा मिनिट मिळाला. स्वच्छतागृह म्हणून एकच तंबू होता आणि ज्येष्ठांसाठी तेथपर्यंतची वाट खडबडीत होती.

याहून मोठा आक्षेप जाहिरातीवर आहे. तीत ‘तासाला १५० उल्का’ असे ठळक अक्षरांत छापले होते. असा आकडा पूर्ण अंधारे आकाश आणि उल्कांचा उगमबिंदू (उल्का जिथून येताना भासतात ती जागा) थेट डोक्यावर, असे गृहीत धरून काढलेला असतो. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळचा हा उगमबिंदू नाशिकच्या आकाशात त्या रात्री अडीचच्या सुमारास माथ्याजवळ येतो आणि तेव्हाही एका माणसाच्या नजरेच्या टप्प्यात सगळे आकाश मावत नाही. मी साडेबारा ते दीड या तासात ४१ उल्का मोजल्या. माझ्या मते ही संख्या भरघोस आहे, परंतु जाहिरात वाचून आलेली शेजारची मंडळी बारा वाजताच ‘फसवलं’ म्हणू लागली होती. त्यात पावणेएकला आयोजकांची दुसरी मिनीबस पुढचे दिवे लावूनच थेट माळावर आली. अंधाराला सरावलेले डोळे एका क्षणात दिपले, आणि ते पुन्हा सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. चालकाला एवढी एक सूचना आधी देणे अवघड नव्हते.

एवढे असूनही ही सहल मी इतरांना सुचवतो. त्याचे कारण १ वाजून १७ मिनिटांनी घडलेल्या गोष्टीत, आणि त्याहूनही अधिक त्यानंतरच्या अर्ध्या तासात आहे.

मी ताडपत्रीवर उताणा पडून दक्षिणेकडे पाहत होतो. व्याध ताऱ्याच्या जवळ एक ठिणगी उमटली आणि डोळ्याची पापणी लवण्याच्या आत तिचा हिरवट-पांढरा गोळा झाला. तो सरळ खाली अगस्त्य ताऱ्याच्या दिशेने निघाला, वाटेत एकदा लखकन फुलला, त्याच्यापासून एक नारिंगी तुकडा सुटला आणि अगस्त्याच्या किंचित वर दोन्ही विझले. सगळे मिळून दोन-अडीच सेकंद. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात, आणि हा तर त्याहून कितीतरी पट तेजस्वी होता, कारण ताडपत्रीची निळाई मला स्वच्छ दिसली. मागे राहिलेली राखाडी रेघ दोन श्वासांपुरती टिकली.

वडिलांना, म्हणजे अण्णांना, तो दिसला नाही. त्या क्षणी ते मान खाली घालून थर्मासमधून चहा ओतत होते. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात उभी हयात काढलेला माणूस, कामात असला की वर पाहत नाही. सगळीकडून आरोळ्या उठल्या, आणि अण्णा कप तसाच हातात धरून म्हणाले, “माझ्या हाताची सावली पडली रे. आणि ती सरकली.” मला फार वाईट वाटले. ज्यांच्यासाठी मी ही सहल घेतली, नेमके तेच मुकले होते.

मार्गदर्शक पंचविशीतला तरुण होता. त्याने पहिल्यांदा सर्वांना गप्प केले. आपसात बोलू नका, आधी लिहा, असे सांगून त्याने लाल कागद लावलेल्या विजेऱ्या आणि छापील कागद वाटले. गोळा कोणत्या ताऱ्याजवळ उगवला, कुठे विझला, रंग कोणता, किती वेळ टिकला, तुकडे झाले का, एवढेच त्यात विचारले होते. बोलणे सुरू झाले की एकाचे पाहणे दुसऱ्याच्या आठवणीत मिसळते, म्हणून ही शिस्त. दूरदूरच्या ठिकाणांहून अशा नोंदी आल्या की त्यांवरून उल्केची वातावरणातील वाट आखता येते, आणि आंतरराष्ट्रीय उल्का संघटना सामान्य माणसांच्या नोंदीही स्वीकारते, हे त्याने समजावून सांगितले.

मग त्याने हात लांब करून मूठ क्षितिजावर धरायला लावली. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश, आणि गोळा विझला ती जागा अडीच मुठींवर होती. तो सत्तर किलोमीटर उंचीवर विझला असे धरले तर आपल्यापासूनचे अंतर सुमारे १६५ किलोमीटर होते, आणि आवाज पोहोचायला आठ-नऊ मिनिटे लागतात. गडगडाट ऐकू येण्याची शक्यता कमीच आहे, कारण त्यासाठी उल्का बरीच खाली यावी लागते, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. तरीही बत्तीस माणसे त्या थंडीत दहा मिनिटे निःशब्द बसून राहिली. पाड्यावरचे एक कुत्रे भुंकले, एवढाच आवाज झाला. त्या दहा मिनिटांइतकी एकाग्र शांतता मी देवळातही क्वचित अनुभवली आहे.

नंतर एका गृहस्थांनी हे रॉकेट असेल असे सुचवले. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर दिसलेले चिनी रॉकेटचे जळते तुकडे त्यांना आठवत होते, ज्यांतील धातूचे एक कडे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात पडले होते. त्यावर मार्गदर्शकाने वेगाचा फरक सांगितला. कक्षेतून उतरणारे अवशेष सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येतात आणि आकाश ओलांडायला मिनिटभर घेतात, तर मिथुनेतील उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येते. तिचा जनक १९८३ मध्ये सापडलेला फेथॉन हा लघुग्रह आहे, धूमकेतू नाही. हिरवी छटा मुख्यतः मॅग्नेशियम आणि निकेलची.

कागद गोळा करताना तो अण्णांपाशी आला. “मला काही दिसलं नाही, माझा कागद कोराच आहे,” असे अण्णांनी सांगितले. तो तिथेच उकिडवा बसला आणि विचारू लागला, “काका, सावली कोणत्या अंगाला पडली होती? आखूड होती की लांब?” अण्णांनी कप पुन्हा तसाच धरून दाखवला. सावली उत्तरेला, जराशी पश्चिमेकडे कललेली पडली होती आणि पाहता पाहता लांबत गेली होती. गोळा दक्षिणेकडे खाली उतरत होता, त्यामुळे सावली लांबणारच. इतरांनी वर पाहून जे लिहिले, ते अण्णांनी खाली पाहून तंतोतंत सांगितले होते. त्याने ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले आणि खाली अण्णांची सही घेतली.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातील उल्कावर्षाव नाशिकमध्ये बहुधा पावसाळी ढगांत जातो, त्यामुळे आपल्यासाठी डिसेंबरचाच वर्षाव खरा. मात्र २०२४ मध्ये त्याच रात्री चंद्र पौर्णिमेजवळ होता, तेव्हा शुल्क भरण्याआधी आयोजकांना त्या वर्षीच्या चंद्राविषयी जरूर विचारावे. दवाने पांघरूण ओले होते, म्हणून वर टाकायला प्लास्टिकचा कागद सोबत असावा. नोंदींची एकत्रित प्रत आठवड्याभराने व्हॉट्सॲपवर आली. तिच्यात चौथ्या क्रमांकावर अण्णांची नोंद आहे आणि त्यांनी ती छापून घेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.