ड्राय कॅबिनेट, दोन पावसाळ्यांनंतर: आकडा ५०, खरी हवा ६०

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी १०५ एमएमची मायक्रो लेन्स घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे बसलो होतो. ऑटोफोकस अडकतोय एवढीच तक्रार होती. काकांनी मागचं झाकण काढलं, अ‍ॅपर्चरची रिंग २.८ वर आणली, पुढून मोबाइलचा टॉर्च धरला आणि लेन्स माझ्याकडे दिली. म्हणाले, "मागनं बघा. चार वाजता घड्याळाचा काटा असतोय तिथं." बघितलं. काचेच्या कडेला पाच-सहा पांढरे तंतू, केसापेक्षा बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखे आत सरकत आलेले.

बुरशी. आणि ही लेन्स गेले १४ महिने ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या विजेवरच्या कपाटात होती. समोरचा आर्द्रतेचा आकडा त्या सगळ्या काळात ५० च्या वर कधी गेलेला मी पाहिला नाही. घरी येईपर्यंत डोकं ठणकत होतं.

मशीन घेतलं त्यामागे कारण होतं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात गगनबावड्याहून भिजून आलो, बॅग तशीच कपाटात टाकली आणि तीन आठवड्यांनी ५० एमएम लेन्सच्या आत बुरशी निघाली. कोल्हापूरचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात जुलै लागला की पश्चिमेच्या भिंतीला ओल उतरते, माळ्यावरच्या चामडी चपलांवर पांढरी बुरशी चढते, गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं. चप्पल पुसून घालता येते. लेन्सच्या आतल्या काचेवरची बुरशी आम्ल सोडते आणि काचेवरचा पातळ लेप, म्हणजे कोटिंग खाते. ती पुसली तरी डाग राहतो. म्हणून ३० लिटरचं कॅबिनेट घेतलं, ९,२०० रुपये मोजून. त्या पैशात एक बरी सेकंडहँड लेन्स आली असती, हे तेव्हाही मनात होतंच.

शेल्फ किती, कुलूप आहे का, दिवा कसा आहे, हे विक्रीच्या पानावर असतंच, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते याच पद्धतीच्या दुसऱ्या कुठल्याही मशीनमध्ये असू शकतं.

पहिल्या वर्षी मी या मशीनवर खूश होतो. आवाज नाही. माझं ५ वॉटचं आहे, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवलं तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास वीज. आत पेल्टिअर पद्धतीचं युनिट आहे: एक पट्टी गार होते, हवेतली वाफ तिच्यावर जमते, ते पाणी मागच्या बाजूने बाहेर जाऊन उडून जातं. सिलिका जेल बदलायचं नाही, भाजायचं नाही. रबर आणि ग्रीस फार कोरडी होऊ नयेत म्हणून ३५ च्या खाली जाऊ नये असं वाचलं होतं, म्हणून ५० वर लावलं आणि विसरून गेलो. तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो. दोघांना म्हणालोही.

लेन्सचं प्रकरण झाल्यावर लक्ष्मीपुरीतून ३५० रुपयांचा एक छोटा आर्द्रता मीटर आणला आणि खालच्या शेल्फवर ठेवला. दाराचा आकडा ५०, हा दाखवतोय ५६. आता खरा कोण? दुसरा आणला. तो म्हणतो ६३. तीन घड्याळं आणि तीन वेळा. त्या रात्री मी खरंच हताश झालो होतो.

वाट आईने दाखवली. ती ओट्यावर मिठाची बरणी पुसत होती. म्हणाली, "मीठ पाझराय लागलं की मला कळतंय हवा किती ओली हाय ते. तुझ्या तीन डब्यांचं एक मत होईना." आणि मीटर तपासायची जी पद्धत मी कुठेतरी वाचून सोडून दिली होती, ती नेमकी हीच आहे हे तेव्हा लक्षात आलं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरायला लागतं. उलट, ओलं मीठ बंद डब्यात ठेवलं तर आतली हवा बरोबर ७५ वर येऊन थांबते. २० ते ३० अंशांच्या मध्ये हा आकडा जवळपास हलत नाही, त्यामुळे आपल्या घरात करायला अगदी सोयीचं. (आईचं खडे मीठ ७५ च्या आधीच पाझरतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. तपासणीला पाकिटातलं बारीक मीठ घ्या.)

करायचं असं. बाटलीच्या बुचात मीठ भरायचं, वर पाण्याचे थेंब टाकायचे. भिजलेल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, वर पाणी तरंगायला नको. ते बूच आणि दोन्ही मीटर झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद. मीठ मीटरला लागू द्यायचं नाही. रात्री दहाला ठेवलं, सकाळी आठला पाहिलं: पहिला ७१, दुसरा ७८. म्हणजे पहिला ४ ने कमी सांगतो, दुसरा ३ ने जास्त. आता कालचे आकडे परत धरा. ५६ मध्ये ४ मिळवले, ६०. ६३ मधून ३ काढले, ६०. दोन स्वस्त मीटर, दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच. आणि दारावर ५०.

साठच्या वर बुरशीला मोकळं रान मिळतं. मी १४ महिने तिला उंबऱ्यावर बसवून ठेवली होती. पावसाळ्यात दिवसातून दोन-तीन वेळा दार उघडलं की ती आत.

इथून सर्व्हिसची लढाई सुरू झाली. फोनवर पहिलं उत्तर: "सर, पाच टक्के इकडेतिकडे नॉर्मल आहे." म्हटलं दहा आहेत. "तुमचा मीटर लोकल असेल." मिठाचे फोटो पाठवले, दोन्ही मीटरचे, वेळेसकट. उत्तर आलं की कंपनी ही पद्धत मानत नाही. मग तुमची कुठली पद्धत आहे ते सांगा, तशी करून पाठवतो, असं मी तीन वेळा लिहिलं. त्याचं उत्तर आजपर्यंत नाही. तक्रार दोनदा आपोआप बंद झाली, दोनदा मी परत उघडली. पाचव्या आठवड्यात माणूस आला, समोरचा बोर्ड आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरसकट बदलला आणि १,४५० रुपयांचं बिल ठेवलं. पाच वर्षांची वॉरंटी फक्त सुकवणाऱ्या युनिटची, बोर्डाची एक वर्षाची. पोरगा साधा होता, पावसातून आला होता, त्याच्यावर काय चिडायचं. चहा दिला, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दारावर ५०, खाली ६०. बोर्ड नवा, फरक तोच.

इथे मला माझं मत बदलावं लागलं. तोवर सेन्सर बिघडलाय असं मी धरून चाललो होतो आणि कंपनीलाही तसंच लिहीत होतो. नवा बोर्ड, नवा सेन्सर आणि चूक मात्र जशीच्या तशी, हे बिघाडाचं लक्षण नव्हे. मग एक मीटर वर, मागच्या काळ्या युनिटला चिकटून ठेवला आणि दुसरा खाली, दाराजवळ. दोन तासांनी: वर सुधारून ५०, खाली सुधारून ६०. दोन्ही मीटरवर तापमानही दिसतं. वर २८ अंश, खाली २५.

सगळं तिथेच होतं. पेल्टिअरची एक बाजू गार होते तशी दुसरी तापते, आणि कंपनीने सेन्सर त्या उबेच्या शेजारी बसवलाय. हवा तापली की तेवढ्याच वाफेची टक्केवारी उतरते. २५ अंशांना ६० टक्के असलेली हवा २८ अंशांना गेली की तीच ५० दाखवते. वाफ एक थेंबही कमी झालेली नसते. सेन्सर खोटं बोलत नव्हता, तो जिथे बसलाय तिथली हवा प्रामाणिकपणे सांगत होता. माझ्या लेन्स तिथे नव्हत्या, त्या खाली होत्या. म्हणजे माझे १,४५० रुपये चांगला बोर्ड काढून चांगला बोर्ड बसवण्यात गेले. हेही कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर एका ओळीचं: समस्या सुटल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे.

आता उपाय. दारावर ३८ लावलं. आठवडाभर दोन्ही मीटर खाली ठेवून पाहिलं, खरी आर्द्रता ४५ च्या आसपास स्थिर. दारावर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर '३८ म्हणजे ४५' असं पेनाने लिहिलंय, कारण घरातलं कोणीतरी बटण दाबतंच. यात एक रुपया खर्च नाही. हेच पहिल्या फोनवर कोणी सांगितलं असतं तर पाच आठवडे आणि बोर्डाचे पैसे वाचले असते.

एवढं चिडून लिहिलंय म्हणून मशीन टाकाऊ आहे असं समजू नका. ऑक्टोबरमध्ये एका रात्री वादळात वीज गेली ती ११ तासांनी आली. मी मोबाइलच्या उजेडात दर दोन तासांनी मीटर बघत होतो. ४५ वरून ४९ वर गेलं, बस. बाहेर ९० च्या घरात असताना! दाराचं रबर इतकं चांगलं असेल असं मला वाटलं नव्हतं. कागदाची पट्टी दारात धरून ओढून पाहिली, चारही बाजूंना घट्ट बसते. त्या रबराला मी मनापासून मानतो. दोन पावसाळे झाले तरी त्याला भेग नाही, चिकटपणा नाही.

कोणी घ्यावं? एक बॉडी आणि दोन लेन्स असतील, महिन्यातून एकदा काढत असाल, तर घेऊ नका. रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल आणि मिठात तपासलेला एक मीटर, हजाराच्या आत काम होतं. जेल हिरवं पडलं की ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवायचं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात नको. माझ्याकडे पाच लेन्स आहेत आणि रोज काहीतरी बाहेर काढतो. डबा रोज उघडला की जेल आठवड्यात मरतं, म्हणून माझ्यासाठी कॅबिनेट बरोबर ठरतं. राग आला तरी हे खरं आहे.

आपल्याकडे ऐकू येणारे बाकीचे उपाय पटकन सांगतो. डांबर गोळ्या नको, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदळाच्या डब्यात लेन्स नको, पीठ आत जातं. उन्हात ठेवून बुरशी मरते म्हणतात, पण अतिनील किरणांतले बरेचसे पुढची काचच अडवते, आणि उन्हाने आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं ते वेगळंच. आणि कॅबिनेट असलेल्यांची नेहमीची चूक: भिजलेली बॅगच आत कोंबणं. फोम पाणी धरून ठेवतो. पन्हाळ्याहून किंवा मसाई पठारावरून आलात की सगळं काढा, सुती कापडाने टिपा, पंख्याखाली दोन तास ठेवा, मग आत. चामडी पट्टा बाहेरच राहू दे.

कॅबिनेट बुरशी मारत नाही, तिची वाढ थांबवतं, हेही मला उशिरा कळलं. १०५ मध्ये बीज आधीपासून असेल, ५० एमएम शेजारीच असायची. त्यामुळे सगळा दोष त्या दहा टक्क्यांवर टाकणं न्यायाचं होणार नाही. पण खरे ४५ मिळाले असते तर ती वाढली नसती, हे मी ठामपणे म्हणतो. काकांनी लेन्स उघडून साफ केली, १,८०० घेतले. तंतू गेले. कोटिंगवर चार वाजताच्या जागी नखाएवढा फिकट डाग राहिलाय. फोटोत दिसत नाही. समोरून ऊन आलं की त्या बाजूचा कॉन्ट्रास्ट थोडा पडतो, आणि मला तो दर वेळी दिसतो.

बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. इथे कॅमेऱ्याची कदर नवीन नाही, आणि पाऊसही नवीन नाही. तरी मी विचारलं त्यातल्या एकाही विक्रेत्याला सेन्सर आत कुठे बसवलाय हे सांगता आलं नाही. तुम्ही दुकानात जाल तेव्हा एवढं विचाराच. दार उघडायला लावा, मागे हात घालून ऊब कुठे लागते ते बघा आणि सेन्सरची जाळी तिच्यापासून किती लांब आहे ते बघा. माझ्या मशीनमध्ये चार बोटं अंतर आहे. सेन्सरची वायर एक फूट लांब करून जाळी खालच्या शेल्फवर आणायची, एवढंच काम आहे, आमच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करून देतो म्हणतोय. युनिटच्या वॉरंटीची अजून साडेतीन वर्षं बाकी आहेत, म्हणून हात लावू देत नाही. मेअखेरीस राधानगरीला काजव्यांसाठी जायचंय. त्याआधी दोन्ही मीटर परत एका रात्रीसाठी मिठात जातील.