पोर्टेबल पोटेन्शिओस्टॅट, एक पावसाळा काढल्यानंतर: यंत्र चोख, कनेक्टर दगाबाज

पोटेन्शिओस्टॅट म्हणजे द्रावणातल्या इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन वाहणारा करंट मोजणारं यंत्र. स्पेसिफिकेशन्स सगळ्यांना ठाऊक आहेत, ती उगाळत नाही. नाशिकच्या आमच्या कॉलेजात हे यंत्र एकाच कामाला जुंपलंय: नासर्डीचं पाणी आणि प्लेटिंगच्या सांडपाण्यात सापडणारं सहा संयुजी क्रोमियम डीएनएला कितपत इजा करतं ते बघायला. कार्बनच्या छापील पट्टीवर (तीच इलेक्ट्रोड) सॅल्मनचा डीएनए बसवायचा, नमुन्यात ठेवायचा (क्रोमियम असेल तर सोबत ॲस्कॉर्बिक ॲसिड, कारण एकटं क्रोमियम डीएनएच्या फारसं वाटेला जात नाही), धुऊन ॲसिटेट बफरमध्ये डिफरन्शियल पल्स स्कॅन मारायचा, म्हणजे व्होल्टेज छोट्या ठोक्यांनी वाढवत करंटचा आलेख काढायचा. १ व्होल्टच्या आसपास ग्वानिनचं शिखर येतं, त्यापुढे ॲडेनिनचं (दोन्ही डीएनएचे घटक). ग्वानिनला इजा झाली की शिखर बुटकं होतं.

खरी गोम इथेच आहे. या चाचणीत सिग्नल घटणं हेच उत्तर असतं. म्हणजे पट्टी धरणारा कनेक्टर ढिला असला तरी यंत्र "डीएनए बिघडला" असंच सांगणार! पावसाने जोर धरला तसं आमच्याकडे कंट्रोलचं, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेलं निरुपद्रवी डिस्टिल्ड वॉटरसुद्धा डीएनए फोडायला लागलं. भिंगाखाली पाहिलं तर मधल्या पिनचा सोनेरी मुलामा उडालेला, खाली हिरवट थर. इतक्या महागड्या यंत्रात एवढ्याशा पिनवर पैसे वाचवलेत, याचा मला अजूनही संताप येतो. सर्व्हिसवाले म्हणाले, अख्खा बोर्ड बदला. कोटेशन पाहून प्राचार्यांकडे जायची हिंमतच झाली नाही.

तोवर पट्ट्या बाजूला ठेवल्या. स्टेशनरीच्या दुकानातून पेन्सिलीची ०.५ मिमीची एचबी शिसं (ग्रॅफाइटच्या काड्या) आणली, क्रोकोडाइल क्लिपमध्ये धरली, शेजारी जुना सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड) आणि प्लॅटिनमची तार. ग्वानिनचं शिखर इतकं सुबक आलं की एमएस्सीची मुलं स्क्रीनभोवती गोळा झाली. एका आयात पट्टीच्या पैशात शिशांच्या कितीतरी डब्या येतात. तेव्हापासून यंत्राबद्दलचा माझा राग निवळला. आतलं इलेक्ट्रॉनिक्स खरोखर उत्तम आहे, मायक्रोॲम्पिअरच्या खालचा करंटही स्थिर दाखवतं.

इथवर लिहून झालं आणि कंपनीचा फोन आला. पिनचे फोटो पाहून नुसता कनेक्टर पाठवायला तयार झाले, तोही वॉरंटीत. म्हणून दोनाचे साडेतीन स्टार करतोय. पूर्ण चार नाही, कारण हे पहिल्याच फोनला व्हायला हवं होतं.

घेणाऱ्यांनी जादा कनेक्टर ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा. रोज सकाळी कोऱ्या पट्टीवर फेरिसायनाइडचा (याचा आलेख कसा यायला हवा ते आधीच माहीत असतं) एक स्कॅन घ्यावा. तो नीट आला तरच नमुन्याला हात लावावा. आणि केवळ ग्वानिन घटलं म्हणून निकाल देऊ नये, ०.४५ व्होल्टजवळ ८-ऑक्सोग्वानिनचं (इजा झालेल्या ग्वानिनचं) शिखर उगवतंय का ते पाहावं. ढिली पिन ग्वानिन घटवू शकते, ते नवं शिखर उभं करू शकत नाही.