टाइम क्रायसिस, प्लेस्टेशन १ वर: हातात बंदूक, पायाखाली कंट्रोलर

गेले दोन महिने घरात हाच एक गेम चालू आहे त्यामुळे आता अनुभवावरून लिहू शकतो. नामको ह्या जपानी कंपनीचा टाइम क्रायसिस, आधी आर्केडच्या, म्हणजे गेम पार्लरमधल्या मोठ्या मशीनवर होता आणि १९९७ मध्ये प्लेस्टेशन १ ह्या घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आला, सोबत गनकॉन नावाची बंदूक. बंदुकीचा गेम म्हटलं की समोर येईल त्याला उडवत सुटायचं असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. इथे तसं केलं तर पहिल्या दोन मिनिटांत खेळ खल्लास. ह्या गेमचा सगळा जीव लपण्यात आहे.

म्हणजे कसं, आर्केडच्या मशीनला खाली पेडल असतं. पाय दाबला की आपला माणूस आडोशामागून बाहेर येतो, पाय उचलला की झटकन आत जातो आणि बंदूक आपोआप भरली जाते. गोळ्या सहाच. आत असताना कोणाची गोळी लागत नाही, पण वरचा टायमर मात्र पळतच असतो, आणि तो शून्यावर गेला की तुमच्याकडे कितीही लाइफ असू देत, गेम ओव्हर. म्हणजे बाहेर आलात तर गोळी खाणार आणि आत बसलात तर वेळ खाणार, आणि ह्या दोन्हींच्या मधे कुठेतरी तुम्हाला दर दोन सेकंदाला ठरवायचंय की आत्ता उठू का अजून एक श्वास थांबू. इतका साधा नियम आणि त्यातून एवढं टेन्शन, मला तर ह्याच्याइतकी नेमकी कल्पना दुसऱ्या कुठल्या बंदुकीच्या गेममध्ये सापडलेली नाही. पॉइंट्सची भानगडच नाही, किती वेळात संपवलंत तोच तुमचा रेकॉर्ड.

घरी पेडल नाही. त्याच्या जागी गनकॉनच्या नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण आहे, ते दाबून धरलं की बाहेर, सोडलं की आत. चालतं, पण ज्या हाताने नेम धरायचा त्याच बंदुकीवर दुसऱ्या हाताचा अंगठा सारखा दाबायचा म्हटलं की नेम हलतोच थोडा. ह्यावर मला जे सगळ्यात आवडलं ते सांगतो. साधा कंट्रोलर दुसऱ्या पोर्टला लावून जमिनीवर ठेवायचा आणि त्याचं बटण पायाने दाबायचं, गेम ते पेडल म्हणून घेतो! आमच्याकडे तो फरशीवर घसरायचा म्हणून खाली जाडसर पायपुसणं दुमडून ठेवलं, आणि चप्पल काढून अनवाणी पायाच्या चवड्याने दाबायला लागलो तेव्हा एकदम लय सापडली. चवडा खाली, दोन गोळ्या, चवडा वर. टाच हलवायचीच नाही. बटणावर खेळणारा आणि पायाने खेळणारा ह्यांच्या वेळेत आमच्या घरी सरळ सरळ फरक पडला.

आता बंदुकीबद्दल, कारण अर्धा गेम तोच आहे. गनकॉनची वायर पुढे जाऊन दोन होते, एक कंट्रोलरच्या पोर्टला आणि एक पिवळी पिन कन्सोलच्या व्हिडिओ वायरला मधे जोडायची. ती पिवळी पिन उगाच नाहीये. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र एका दमात दाखवत नाही, एक किरण डावीकडून उजवीकडे एकेक ओळ काढत वरून खाली येतो, सेकंदाला ५० किंवा ६० वेळा. बंदुकीच्या नळीत भिंग आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो, किरण नेमका तिच्यासमोरून गेला की तिला कळतं, आणि ओळी कधी सुरू झाल्या ते पिवळ्या पिनेतून कळलेलं असतंच, मग मधला वेळ मोजला की नेम कुठे होता ते निघतं. आधीच्या बऱ्याच बंदुका वेगळ्या होत्या, त्यात स्क्रीन काळी व्हायची, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदुकीला फक्त "लागलं की नाही" एवढंच समजायचं. गनकॉनला जागा कळते, म्हणून हेल्मेटच्या बाजूने डोकावणारा अर्धा चेहरासुद्धा टिपता येतो. सुरुवातीला एकदा कॅलिब्रेशन, म्हणजे बंदुकीचा नेम स्क्रीनशी जुळवून घ्या, आणि ज्या अंतरावर, ज्या उंचीवर खेळणार तिथेच उभं राहून करा. मी पहिल्यांदा खुर्चीत बसून केलं आणि मग उभा राहून खेळलो तर प्रत्येक गोळी वरून जात होती.

ह्यातूनच मोठी अडचण येते. एलसीडी, एलईडी, कुठल्याही सपाट टीव्हीवर ही बंदूक चालत नाही, कारण तिथे तो किरणच नाही. सेटिंग बदलून, महागडी वायर घेऊन काही होत नाही, त्यात वेळ घालवू नका. ट्यूबवाला डब्बा टीव्ही हवा म्हणजे हवाच, आणि ब्राइटनेस नेहमीपेक्षा थोडा वर ठेवायचा, अंधाऱ्या सीनमध्ये नेम चुकल्यासारखा वाटत असेल तर आधी तिथे बघा.

गोष्ट साधी आहे. राष्ट्राध्यक्षांची मुलगी रेचेल हिला एका बेटावरच्या किल्ल्यात कोंडून ठेवलंय आणि तुम्ही रिचर्ड मिलर, एकट्याने आत घुसायचं. तीन स्टेज. शेरुडो नावाचा बॉस, म्हणजे स्टेजच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, सुऱ्या फेकतो, त्याच्याशी लढताना पेडलचा खरा कस लागतो कारण सुऱ्या हवेतच गोळीने पाडता येतात, मग लपायचं की उभं राहून पाडायच्या हे तुमच्यावर. शेवटचा वाइल्ड डॉग तर पुढच्या भागांतही परत परत येत राहिला इतका लोकांना आवडला. लाल कपड्यांतले शिपाई दिसले की बाकी सगळं सोडून आधी त्यांना घ्या, त्यांचा नेम पक्का असतो.

दिसायला आर्केडइतकं देखणं नाही, कडा करकरीत दिसतात आणि हालचाल तितकी स्मूथ नाही, मोठ्या मशीनवर खेळलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत जाणवेल. नंतर मला तरी आठवणसुद्धा राहिली नाही.

आणि घरच्या व्हर्जनमध्ये जे जास्तीचं दिलंय ते मला मूळ गेमपेक्षाही आवडलंय हे मनापासून सांगतो. एक वेगळं मिशन आहे, कँटारिस नावाच्या शस्त्रं विकणाऱ्या बाईच्या हॉटेलमधलं, हे आर्केडमध्ये नव्हतंच. इथे तुम्ही एखादा भाग किती चांगला आणि किती लवकर खेळलात त्यावर पुढचा रस्ता ठरतो, शेवटही वेगवेगळे आहेत. त्यामुळे एकदा संपवून डिस्क ठेवून दिली असं होत नाही. भावाने आणि मी एकच सुरुवात करून दोघं वेगळ्याच मजल्यावर पोचलो होतो आणि मग तासभर वाद, तू कुठे वेळ घालवलास, मी कुठला माणूस सोडला. मशीनवरचा गेम घरी आणताना नुसता उतरवून न घेता घरी बसून खेळणाऱ्या माणसाचा विचार केलेला आहे, हे मला फार मोठं वाटतं.

दोघांनी एकत्र खेळायचं असेल तर मात्र हा नाही. पाळीपाळीनेच खेळावं लागतं. त्यासाठी टाइम क्रायसिस २ आहे, प्लेस्टेशन २ वर २००१ ला आला, त्यात स्क्रीन अर्धी अर्धी होते आणि एकजण दुसऱ्याला कव्हर देतो.

जुनी बंदूक घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण मी फसलोय. माझी पहिली बंदूक एका विक्रेत्याकडून "तपासलेली, चालू" म्हणून घेतली होती. गोळी सुटायची, पण ट्रिगर दाबल्यावर परत पुढे यायला अर्धा सेकंद लागायचा, आतली स्प्रिंग ढिली. मेन्यूमध्ये एकेकदा दाबून बघितलं तर काहीच कळत नाही, सहा गोळ्या सलग झाडायची वेळ आली की तिसरी-चौथी गोळी गायब. त्याने परत घ्यायला नकार दिला. त्यामुळे घेताना ट्रिगर वीस-पंचवीस वेळा भराभर दाबून बघा, प्रत्येक वेळी टक असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, बाजूची दोन्ही बटणं वेगवेगळी दाबा, नळीच्या तोंडातलं भिंग ओरखडलेलं नाही ना ते उजेडात धरून बघा, आणि ती पिवळी पिन हलवून बघा, कारण ती सैल असली की चित्र नीट दिसतं पण नेम उड्या मारतो आणि तुम्ही उगाच परत परत कॅलिब्रेशन करत बसता.